वरचे दोन बोंबील

वर दोन घातल्याशिवाय चौलची बाई मासळीच्या पाटीसमोरून उठत नाही. वाटा ठरतो, भाव ठरतो, तिची पिशवी उघडते आणि मग ती हळूच म्हणते, वर घाल गो. ते वरचं भावात धरलेलं नसतं. घातलं की गिऱ्हाईक आपलं, नाही घातलं की पुढच्या खेपेला ती दुसरीला हाक मारते. सुके बोंबील असले तर वर दोनच जातात, कारण सुका बोंबील एकटा नसतोच. वाळत घालताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकतात. ती तशीच वाळते आणि तशीच विकली जाते. वीस वर्षं मी पाटी घेऊन फिरतेय, वीस वर्षं वरची जोडी घालतेय. हात आपोआप जातो. त्या हातानं माझ्या पोरीचं काय केलं ते सांगायचं आहे. सातवी शिकलेय मी, लिहिता येतं. कुणाला ऐकवायचं म्हणून लिहीत नाही, राग आत ठेवून ठेवून छातीत दुखायला लागलंय म्हणून लिहितेय.

आमचा कोळीवाडा रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीला लागून. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, समुद्रात गेला की आठ-आठ दिवस घराकडे फिरकत नाही. मुलगी एकच, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. दिसायला अगदी माझी. काळी, रुंद नाकाची, वरच्या दोन दातांत फट. लहान असताना बाजारात तिला कुणीही ओळखायचं, ही कुणाची ते सांगावं लागायचं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

फोन मीच घेऊन दिला. बारावी पास झाली तेव्हा रडून रडून डोळे सुजवले होते तिनं, सगळ्या पोरींकडे हाय, माझ्याकडेच न्हाय म्हणून. घेतला एकदाचा. त्या दिवसापासून घरात चौथं माणूस आलं. भाकरी फुगली, काढ व्हिडिओ. मांजर व्यालं, काढ व्हिडिओ. मी शिव्या दिल्या तर त्या शिव्यांचाही व्हिडिओ. जेवताना ताटाशेजारी फोन, आंघोळीला गेली तर दाराच्या कडीला पिशवीत फोन. मी म्हणायचे, जळलं मेलं ते, एक दिवस चुलीत घालीन. पण घातला नाही. आजूबाजूच्या सगळ्याच पोरी तशा, आपलीच काय वेगळी, असं म्हणून सोडून दिलं.

गेल्या थंडीतली गोष्ट. बोंबील खूप लागले होते. बांबू उभे करून त्यांना दोऱ्या ताणतात, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. सगळ्या वलांड्या भरत आल्या होत्या. सकाळपासून मी जोड्या लावत होते आणि ही फोन घेऊन इकडून तिकडे फिरत होती. मी दोनदा ओरडले, ते ठेव आणि हात लाव. दुपारी ती धावत आली, तोंड नुसतं फुललेलं.

"आये, बघ ना. एकच मिनिटाचा हाय."

माझे हात कोपरापर्यंत बोंबलांच्या पाण्यानं माखलेले. म्हटलं, नंतर. माझा फोन बटणांचा, त्यात असलं काही दिसत नाही, बघायचं तर तिच्याच फोनवर. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी भात उतरवत होते. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात काहीतरी बिघडलं. ती वलांडीवर यायची बंद झाली. ऊन नको म्हणाली. दारात यायची तरी ओढणी नाकापर्यंत. मग कॉलेजला जायची बंद झाली. पोट दुखतंय, आज लेक्चर न्हाय, रिक्षा मिळाली न्हाय, रोज नवीन कारण. ताटातलं निम्मं मांजराला. आधी मला वाटलं कुणा पोराची भानगड आहे. चांगली कानफटात ओढायच्या तयारीत होते मी. पण रोज बघायचे तर फोनवरून बोटं फिरतायत आणि तोंड उतरत चाललंय. खोदून खोदून विचारलं तेव्हा एका दुपारी बोलली. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं.

"मला काळी म्हणतात," ती म्हणाली. "म्हणतात, मोबाईलमधून पण मासळीचा वास येतो."

डोकं फिरलं माझं. कोण म्हणतो, नाव सांग, आता जाते. तर नाव नाही, गाव नाही. कुठले कुठले लोक, ज्यांनी आम्हाला जन्मात बघितलं नाही. मी भांडायला भिणारी बाई नाही, जेट्टीवर आवाज काढला तर चार बोटींवरची माणसं वळून बघतात. पण भांडायला समोर दार तर पाहिजे. मी तिच्या हातातून फोन घेतला, म्हटलं बघू तरी काय लिहिलंय मेल्यांनी. सगळी एबीसीडी. मराठीच होतं म्हणे, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे मला काळ्या मुंग्या. तिनं फोन काढून घेतला. राहू दे आये, माझंच हाय ते, म्हणाली.

मग तिनं दुसरंच सुरू केलं. फोनमध्ये स्वतःचा फोटो काढायचा, तो गोरा करायचा, नाक बारीक करायचं, दातांतली फट बुजवायची आणि टाकायचा. टाकला की बसायची लाल बदाम मोजत. लोकांना आवडलं की बदाम दाबतात, तो लाल होतो, एवढं मला तोवर कळलं होतं. घटकाभरात पुरेसे आले नाहीत की फोटो काढून टाकायची. पुन्हा नवीन काढायची. त्यातलं एक तोंड तिनं मला दाखवलं. कुणाची तरी गोरीपान पोर होती. मी म्हटलं, ही कोण? तिनं फोन पालथा ठेवला. मला तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

परीक्षेचा फॉर्म भरायचे दिवस आले. कॉलेजातून निरोप आला, हजेरी कमी आहे, मुलीला घेऊन येऊन भेटा. मी तिला म्हटलं, चल. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. म्हणाली, "फोटो काढून टाकला की बरं वाटतं. मलाच काढून टाकता आलं असतं तर बरं."

घरामागे विहीर आहे. त्या दिवसापासून पाणी मीच आणायचे. पाटी घेऊन बाहेर पडताना शेजारणीला सांगून जायचे, माझ्या पोरीशी येऊन बोलत बस, काहीतरी निवडायचं काढून बस. आणि रस्ताभर जीव टांगणीला.

अशाच एका दिवशी चौलला सुपारीच्या वाडीत गेले. तिथली बाई माझं जुनं गिऱ्हाईक, तोंडाची मोठी पण मनानं बरी. सुके बोंबील घेतले तिनं आणि नेहमीसारखं म्हणाली, वर घाल. माझ्या डोक्यात पोरगी. तोंडातून निघून गेलं, घालते, पण आधी फोन काढ. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी म्हटलं, माझ्या मुलीचं काढ आणि तिथं बदाम दाब. तिच्या सुनेनं नाव शोधून काढलं आणि दाबलं. मी दोन बोंबील वर घातले. सून हसून म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या पण फोनवर दाबते, मला अजून दोन घाला. घातले. परत येताना विक्रम रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. एवढं सोपं होतं तर मी महिनाभर रडत कशाला होते?

झालं. मग मी थांबलेच नाही. दारोदार तेच. वाटा घेतला, वर पाहिजे, फोन काढ. बायकांना ते आवडलं, गंमत म्हणून आवडलं. एकेका घरात सासू, सून, दीर, शाळेतली पोरं, सगळ्यांचे फोन ओट्यावर यायचे. लाल झालेला बदाम मला दाखवायचा आणि जोडी घ्यायची. काही जणी जुनाच बदाम पुन्हा दाखवून फसवायच्या, ते मला चेहऱ्यावरून कळायचं. बाई बोंबील शिळा आहे का बघते तशी मी बदाम बघायला शिकले. नुसता बदाम नको, खाली लिहा पण, असंही सांगायला लागले. काय लिहू विचारलं तर म्हणायचे, लिहा छान, लिहा सुंदर दिसतेस. बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, गटातल्या बायकांनी माहेरी कळवलं.

एक बाई होत्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, चौलला एकट्या राहतात. त्यांनी चष्मा लावून तो थंडीतला व्हिडिओ सगळा बघितला. मग बदाम दाबला. म्हणाल्या, "चांगलं केलंय गो तुझ्या मुलीनं. तूच आहेस की यात. बघितलंस ना?"

मी म्हटलं, बघितलं तर. मागे कुठेतरी वलांडीशी उभी दिसत असेन, असं वाटलं मला. पाटी अजून अर्धी भरलेली होती, उन्हं चढत होती. दोन बोंबील वर घातले आणि उठले.

आणि पोरगी सुधारली. डोळ्यांदेखत. आधी जेवायला लागली. मग एक दिवस वेणी घालून दारात बसली, ओढणी गळ्यात. मग आपण होऊन म्हणाली, आये, फॉर्मला चल. मी पाटी तशीच टाकून तिच्याबरोबर गेले. कॉलेजात सरांसमोर हात जोडले, त्यांनी फॉर्म घेतला. वलांडीवर परत यायला लागली, माझ्या शेजारी उभी राहून जोड्या लावायची. मला सांगायची, रोज कुणीतरी नवीन बघतंय, चौलची लोकं पण हायत त्यात, सगळी छान छान लिहितात. मी पदर तोंडाला लावून हसू दाबायचे. म्हणायचे, मग, माझी पोर हाय ती. तीही हसायची, दातांतली फट दाखवून, मोकळी. परीक्षा दिली तिनं. पेपर बरे गेले म्हणाली. चैत्र-वैशाख असे गेले की माझ्याएवढी शहाणी बाई अख्ख्या तालुक्यात नाही, असं मला वाटायचं. त्या दिवसात तर पावसाळ्याची बेगमी म्हणून सगळेच सुकी मासळी भरतात. माझी पाटी रोज रिकामी व्हायची आणि तिचे बदाम रोज वाढायचे.

मग बंदी लागली. पावसाळ्यात दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, जाळी घरात येतात. ओली मासळी नाही, आणि लोकांच्या घरी डबे भरलेले, त्यामुळे सुकी कोण घेणार? मी घरी बसले. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या ध्यानात आली नाही. मला वाटलं होतं एकदा लोकांना सवय लागली की ते आपले दाबत राहतील. कशाला दाबतील? त्यांना माझ्या पोरीशी काय देणंघेणं? पाटी थांबली आणि बदाम थांबले.

ती पुन्हा फोन घेऊन बसली. काल सत्तर होते, आज नऊच का? मी काय केलं? मी जाड झाले का? उन्हात गेले म्हणून जास्त काळी झाले का? हे सगळं मला विचारायची आणि मी चुलीत फुंकर घालत बसायचे. मला कारण माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. एकदा तरी सांगायचं, की बाय गो, तू आहेस तशीच आहेस, फक्त बोंबील संपलेत. पण ते कुठल्या तोंडानं सांगणार?

नेटवरून तिनं कसलीशी क्रीम मागवली. गोरं करणारी. डबीवर ना कंपनीचं नाव, ना गाव. चार दिवस लावली आणि पाचव्या दिवशी दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल, सोलून निघाले. डॉक्टरनं मलाच झापलं, आई आहात की कोण, लक्ष नाही का तुमचं. मी ऐकून घेतलं. मलम दिलं. लाली गेली आणि गालांवर काळपट डाग राहिले, तिच्या रंगाहून काळे.

मग मी घरची बेगमी काढली. चार महिन्यांचे बोंबील, सोडे, सुकट डब्यात भरून ठेवलं होतं. ते पिशवीत घालायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं, आणि भर पावसात विक्रम धरून चौलला. आता विकायला नव्हतेच मी जात. नुसतं वरचं वाटायला जायचे. दार वाजवायचं, फोन काढा म्हणायचं, जोडी द्यायची. बायका एकमेकींकडे बघायच्या. नवरा बंदीमुळे घरी, त्यानं विचारलं, सोडे कुठे गेले? बुरशी आली, टाकले, म्हणून सांगितलं. आम्ही भातावर कोकमाचं सार घेऊन जेवायचो. दिवसाला दहा-बारा बदाम यायचे. ती ते मोजायची आणि जरा उठून बसायची. तेवढ्यासाठी मी भिजत जायचे.

आषाढ संपत आला होता. श्रावणात चौलचे बरेच लोक मासळी सोडतात, त्याआधी खाऊन घ्यायची घाई असते. एका दुपारी पाऊस उघडला होता. पोरगी कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, आणि दारात ती सुपारीच्या वाडीतली बाई उभी. आपण होऊन रिक्षा करून आली होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आत येऊन हातातला फोन पुढे केला आणि म्हणाली, "आठ दिवस आली न्हाईस ती? आमच्या घरातल्या पाची फोनवर बदाम झालेत. आमचे बोंबील द्यायचे राहिलेत तुझ्याकडे."

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ती कुठली थांबते. सगळं सांगून मोकळी झाली. तुझ्या पोरीपायी यंदा वरचे बोंबीलच एवढे मिळाले, विकत घ्यावेच लागले नाहीत, असं हसत हसत म्हणाली. मग तिला कोपऱ्यातली पोरगी दिसली, गालांवरचे डाग दिसले, आणि तिनं फोन पदराखाली घेतला.

पोरगी उठली. डबा काढला. त्यात तळाला जे होतं त्यातल्या पाच जोड्या मोजून काढल्या, कागदात घातल्या आणि त्या बाईच्या हातात दिल्या. मग पुन्हा डब्यात हात घातला. "आणि हे वर दोन, मावशी," म्हणाली.

ती बाई खाली मान घालून निघून गेली. पोरगी माझ्याकडे वळली. ओरडली नाही, रडली नाही. किती जणांना दिलेस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मोजलं नाही. मग तिनं विचारलं, ते सुंदर दिसतेस लिहिलेलं, ते पण तूच सांगितलंस का? तिथं मी गप्प बसले असते, पाय धरले असते, तरी चाललं असतं. पण माझं तोंड! आयुष्यभर बाजारात चाललेलं तोंड, चूक आपली असली की ते आणखी जोरात चालतं.

मी म्हटलं, "मग काय करणार होते? मी फिरले नसते तर कोण बघणार होतं तुला?"

हे मी माझ्या पोटच्या पोरीला म्हटलं. त्या गाव नसलेल्या, नाव नसलेल्या मेल्यांनी जे लिहिलं असेल ते असेल, पण हे मी म्हटलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तू बघितलास?"

कुठला, मी विचारलं.

"कुठलापण. एक तरी."

तिनं निवडलेले तांदूळ भरले, सूप जागेवर ठेवलं. दोन दिवसांनी बॅग भरून पनवेलला माझ्या बहिणीकडे गेली. तिथं कपड्यांच्या दुकानात लागली आहे. तोंडाला मास्क लावते, असं बहीण सांगते. नंबर बदलला. नवीन नंबर बापाला दिला, मला दिला नाही. निकाल लागला, पास झाली, तेही बापाकडून कळलं. गणपतीला सगळा कोळीवाडा भरला, पनवेल-मुंबईचे सगळे आले. ती आली नाही. बापानं फोन केला तर म्हणाली दुकानाला सुट्टी नाही. मी मागे उभी होते. आईला देऊ का, त्यानं विचारलं. तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं फोन खिशात ठेवला आणि जेवायला वाढ म्हणाला.

गणपती गेल्यावर मासळीला पुन्हा गिऱ्हाईक आलं. पहिल्याच दिवशी ओले बांगडे घेऊन मी चौलला त्या शाळेच्या बाईंकडे गेले. पाटी ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, बाई, तो व्हिडिओ दाखवा. कुठला, त्यांनी विचारलं. म्हटलं, थंडीतला, पहिला. हात धुऊन घेतले आधी, पदराला कोरडे केले.

त्यांनी लावला. मला वाटलं होतं पोरगी नाचत असेल, तोंड करत असेल, आणि मी मागे कुठेतरी. पोरगी त्यात कुठेच नव्हती. सगळी मीच. माझी पाठ, माझे हात, जबड्यात जबडा अडकवून भराभर जोड्या लावणारे. मग खांद्याला तोंड पुसताना माझा चेहरा, अगदी जवळून, घामेजलेला, दातांतली फट दिसतेय, मी तिच्यावरच ओरडतेय की ते ठेव आणि हात लाव. आणि तिचा आवाज, हसू आवरत असलेला: "ही माझी आई. बोंबील लावायला हिच्याएवढी फास्ट अख्ख्या कोळीवाड्यात कुणी न्हाय."

मी तीन वेळा लावायला लावला. मग म्हटलं, खाली काय लिहिलंय ते वाचा. बाई नको म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी आज बांगडे विकणार नाही, ऐकल्याशिवाय उठणार नाही. त्यांनी वाचलं. काळी म्हातारी. वास मोबाईलमधून आला. हे मला होतं. पोरीला नव्हतंच. प्रत्येकाखाली पोरीनं उत्तर दिलं होतं, आधी चांगल्या शब्दांत, मग भांडून, माझ्यासारखीच. माझी आई हाय ती, नीट बोला. तुमच्या घरी आई न्हाय का? शेवटी कुणीतरी लिहिलं होतं, आईचा एवढा पुळका, म्हणजे तू पण तशीच दिसत असशील. तर तिनं स्वतःचा साधा फोटो टाकला, पावडर नाही, काही नाही. वर लिहिलं, होय, तशीच दिसते. बाईंनी मला तोही दाखवला. त्या फोटोखाली लोकांनी काय लिहिलं होतं ते मात्र त्यांनी वाचलं नाही. दोनदा सांगितलं तरी वाचलं नाही. चष्मा काढून ठेवला.

आणि माझ्याशी ती काय म्हणाली होती? माझंच हाय ते.

मी विचारलं, बदाम कुठं दाबायचा? बाईंनी बोट दाखवलं. माझं बोट जाड, सुरीनं कापलेलं, मासळीच्या कामानं पांढरं पडलेलं. मी दाबलं. लाल होता तो बदाम पांढरा झाला.

"अगं, गेला तो," बाई म्हणाल्या. "मी आधीच दाबलेला होता ना, तुझ्याच सांगण्यावरून. पुन्हा दाब, येईल परत."

राहू दे, बाई, मी म्हटलं. तो दोन बोंबलांचा होता.